'वैमानिकाची चूक' या निष्कर्षाच्या पलीकडे : मुंबई विमानतळावरील एक किरकोळ अपघात आणि चारोटीचा पूल

सारांश

विमान जमिनीवर असताना घडणारे किरकोळ अपघात बहुधा 'वैमानिकाची चूक' या दोन शब्दांत संपविले जातात. प्रस्तुत लेखात १० नोव्हेंबर २००९ रोजी मुंबई विमानतळावर घडलेल्या अशा एका अपघाताच्या आधारे या दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला आहे. हवाई वाहतुकीच्या क्षेत्रात मानवी चुकीकडे पाहण्याची जी पद्धत विकसित झाली, तिचा पालघर जिल्ह्यातील चारोटी येथील महामार्गावरील अपघातांच्या संदर्भात काय उपयोग होऊ शकतो, याचाही येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मानवी चूक, धावपट्टी, अपघात-अन्वेषण, सुप्त दोष, महामार्ग सुरक्षा.

प्रस्तावना

विमान अपघात म्हटले की आकाशातून कोसळणारे विमान डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात विमानाच्या आयुष्यातील अनेक धोक्याचे क्षण जमिनीवर किंवा जमिनीलगत येतात. उतरल्यानंतर धावपट्टीवर थांबणे, वळणमार्गाने तळापर्यंत जाणे, जागेवर उभे राहणे आणि पुन्हा निघणे या सर्व टप्प्यांत वैमानिक, सहवैमानिक, नियंत्रण कक्ष, तंत्रज्ञ आणि वाहनचालक अशा अनेकांची कामे एकमेकांत गुंतलेली असतात. येथे वेग कमी असतो, म्हणून धोकाही कमी असतो, असा समज होतो. तो खरा नाही. स्पेनमधील टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी दोन जंबो विमानांची टक्कर झाली, तीही धावपट्टीवरच. तिच्यात ५८३ जणांचा मृत्यू झाला. मुंबई विमानतळावर १६ डिसेंबर २०१५ रोजी प्रस्थानाच्या तयारीत असलेल्या विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन एका तंत्रज्ञाला प्राण गमवावे लागले.

तथापि जमिनीवरील बहुसंख्य अपघात इतके भीषण नसतात. पंखाचे टोक घासते, चाक मातीत रुतते, विमान धावपट्टीबाहेर घसरते, प्रवासी पायऱ्यांवरून खाली उतरतात आणि वृत्तपत्रात चार ओळींची बातमी येते. असे किरकोळ अपघात अभ्यासाच्या दृष्टीने अतिशय मोलाचे असतात, कारण त्यांच्यात मोठ्या अपघाताची सर्व कारणे उपस्थित असतात; फक्त परिणाम टळलेला असतो.

चुकीचे प्रकार

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवी चुकीची जी मांडणी केली, ती आज विमान वाहतुकीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्वत्र वापरली जाते. त्यांच्या विवेचनानुसार सर्व चुका एकसारख्या नसतात. हेतू योग्य असूनही हात चुकीच्या बटणावर जाणे ही एक प्रकारची चूक होय. करावयाची कृती विसरणे ही दुसरी. परिस्थितीचा अर्थच चुकीचा लावून त्यानुसार व्यवस्थित कृती करणे ही तिसरी. नियम ठाऊक असूनही तो बाजूला ठेवणे हा चौथा प्रकार. त्यास चुकीपेक्षा नियमभंग म्हणणे योग्य ठरते. पहिल्या दोन प्रकारांवर शिक्षा हा उपाय ठरत नाही, कारण विसरणारा माणूस शिक्षेच्या भीतीने विसरावयाचे थांबत नाही. तिसऱ्या प्रकारात माहिती सुधारावी लागते. चौथ्या प्रकारात मात्र नियम का मोडला गेला आणि तो मोडणे नित्याचे झाले होते काय, हे तपासावे लागते.

रीझन यांचा दुसरा महत्त्वाचा मुद्दा असा की, प्रत्यक्ष चूक करणारी व्यक्ती ही साखळीतील शेवटची कडी असते. तिच्या आधी आखणी, प्रशिक्षण, देखभाल, संवाद आणि व्यवस्थापन या पातळ्यांवर अनेक दोष सुप्तावस्थेत पडून असतात. हे स्पष्ट करण्यासाठी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. डहाणू-तलासरी भागातील वाचकास तो कारवीच्या कुडाच्या उदाहरणाने अधिक जवळचा वाटेल. एकामागे एक असे चार कुड उभे केले आणि प्रत्येकात कोठे ना कोठे फट असली, तरी एका कुडातून आलेला वारा पुढच्या कुडाला अडतो. चारही फटी एका रेषेत आल्या तरच तो आरपार जातो. अपघात म्हणजे अशा फटी एका रेषेत येण्याचा क्षण. शेवटच्या कुडाशी उभ्या असलेल्या माणसालाच वाऱ्याबद्दल जबाबदार धरले, तर मागील तीन फटी तशाच राहतात.

मुंबई, १० नोव्हेंबर २००९

किंगफिशर एअरलाइन्सचे ४१२४ क्रमांकाचे उड्डाण त्या दिवशी भावनगरहून मुंबईस आले. विमान एटीआर ७२ जातीचे, दोन पंख्यांचे होते. त्या सुमारास अरबी समुद्रात फयान चक्रीवादळ घोंगावत होते. दुसऱ्याच दिवशी ते कोकण किनाऱ्यावर आले. मुंबईत अवेळी पाऊस पडत होता आणि धावपट्टी ओली होती. शिवाय मुख्य धावपट्टीच्या दुरुस्तीचे काम चालू असल्याने तिची पूर्ण लांबी उतरण्यासाठी उपलब्ध नव्हती. वैमानिकांना नेहमीपेक्षा आखूड पट्टीवर उतरावयाचे होते.

विमान उतरले, परंतु थांबले नाही. ओल्या पृष्ठभागावरून घसरत ते धावपट्टी सोडून बाहेर गेले. विमानाचे मोठे नुकसान झाले. मात्र त्यातील सर्व ४६ जण सुखरूप बाहेर पडले. चौकशीअंती निघालेला निष्कर्ष असा होता की, विमानाचा उतरणीचा मार्ग स्थिर नव्हता आणि तरीही उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्याचा निर्णय वैमानिकांनी घेतला नाही. धावपट्टीवर साचलेले पाणी आणि सहवैमानिकाकडून वेळीच न आलेली सूचना ही साहाय्यभूत कारणे मानली गेली.

येथपर्यंतचा वृत्तांत 'वैमानिकाची चूक' या शीर्षकाखाली सहज बसतो. परंतु चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. याच पट्टीवर आधी उतरलेल्या एअर इंडियाच्या एअरबस ३१९ विमानालाही थांबताना अडचण आली होती. त्याच्या वैमानिकाने आपले विमान पाण्यावर तरंगल्याचे आणि धावपट्टीच्या कडेचे दिवे तुटल्याचे नियंत्रण कक्षास कळविले होते. त्याने वापरलेल्या तांत्रिक शब्दाचे गांभीर्य ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. धोक्याची सूचना दिली गेली होती, ती ऐकलीही गेली होती. पण तिचा अर्थ पोहोचला नव्हता. त्यानंतर आलेल्या एटीआर विमानाला उतरण्याची परवानगी मिळाली.

म्हणजे चार फटी स्पष्ट दिसतात. पट्टी आखूड होती, तिच्यावर पाणी होते, आधीच्या वैमानिकाचा इशारा वाया गेला होता आणि उतरण विस्कळीत होती. यांपैकी केवळ शेवटची फट वैमानिकांच्या हाती होती. ती त्यांनी बुजविली नाही, हे खरेच; त्यांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. परंतु उरलेल्या तीन फटी बुजविणे अन्य कोणाचे तरी काम होते.

पाण्यावर तरंगण्याचे शास्त्र

आधीच्या वैमानिकाने जे सांगितले त्यास 'ॲक्वाप्लेनिंग' म्हणतात. फिरते चाक आपल्या पुढील पाणी बाजूस सारत असते. वेग वाढत गेला की पाण्याला बाजूस होण्यास वेळ मिळत नाही, त्याचा चाकाखाली दाब निर्माण होतो आणि एका मर्यादेनंतर चाक जमीन सोडून पाण्याच्या पातळ थरावर उचलले जाते. त्या क्षणी ब्रेक दाबला तरी उपयोग होत नाही, कारण पकडण्यास जमीनच उरलेली नसते.

ही मर्यादा कोणत्या वेगाला येते, याचे सोपे सूत्र अमेरिकेतील नासा या संस्थेच्या संशोधनातून १९६३ मध्ये पुढे आले. टायरमधील हवेचा दाब पौंड प्रति चौरस इंच या मापात घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ९ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये मिळते. दाब १०० असेल, तर वर्गमूळ १०, म्हणून मर्यादा ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६७ कि.मी. येते. हेच सूत्र मोटारीला लावल्यास काय दिसते? मोटारीच्या टायरमधील दाब साधारणतः ३२ असतो. त्याचे वर्गमूळ सुमारे ५.६६ आणि मर्यादा सुमारे ५१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९४ कि.मी. टायरची नक्षी झिजलेली असेल वा पाणी खोल असेल, तर धोका वाढतो. महामार्गावर पावसाळ्यात अनेक वाहने या वेगाला सहज ओलांडतात. धावपट्टीवरील धोका आणि रस्त्यावरील धोका यांचे शास्त्र एकच आहे, हे यावरून लक्षात येते.

एकच चूक, तीन परिणाम

मुंबईच्या अपघातात कोणी दगावले नाही, म्हणून तो विस्मरणात गेला. परंतु त्यानंतर ६ महिन्यांनी, २२ मे २०१० रोजी, मंगळूर येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. तेथेही उतरण अस्थिर होती. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीन वेळा सांगितले होते; मुख्य वैमानिकाने ते मानले नाही. पुढे ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे ओल्या, टेकडीवरील धावपट्टीवर पुन्हा तेच घडले आणि २१ जणांनी प्राण गमावले. त्याही वेळी विमान पट्टीवर फार पुढे टेकले होते आणि पुन्हा वर जाण्याची सूचना दुर्लक्षिली गेली होती. विमान अपघात अन्वेषण विभागाच्या अहवालाने वैमानिकाच्या नियमभंगाबरोबरच व्यवस्थेतील दोषांचाही निर्देश केला.

मुंबईत सहवैमानिक बोलला नाही. मंगळूर आणि कोळिकोड येथे तो बोलला, पण त्याचे ऐकले गेले नाही. तिन्ही ठिकाणी मूळ दोष एकच : सुरू केलेली कृती धोक्याची आहे हे दिसत असूनही ती सोडून देता न येणे, आणि कनिष्ठाच्या शब्दाला वरिष्ठासमोर वजन नसणे. परिणामातील फरक मात्र धावपट्टीच्या टोकाला काय होते यावर ठरला. मुंबईत तेथे सपाट जमीन होती, अन्यत्र दरी होती. किरकोळ अपघात आणि महाभयंकर अपघात यांतील अंतर पुष्कळदा असे भूगोलाचे असते, वर्तनाचे नसते.

या अनुभवांतूनच वैमानिकांच्या प्रशिक्षणात मोठा बदल झाला. नासाने १९७९ मध्ये भरविलेल्या कार्यशाळेपासून विमानकक्षातील परस्परसंवाद हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय बनला. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, हे कौशल्य शिकवावे लागते, असे मान्य करण्यात आले. भारतीय समाजात वयाचा व हुद्द्याचा मान मोठा असल्याने हे प्रशिक्षण येथे अधिक आवश्यक ठरते.

जुहूचा धडा

व्यक्ती बदलली तरी चूक तशीच राहते, याचे मुंबईतीलच एक जुने उदाहरण बोलके आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांपासून अवघ्या काही किलोमीटरवर असून त्यांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशाही जवळजवळ सारखी आहे. सन १९५३ मध्ये ब्रिटनच्या बीओएसी कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरले. काही दिवसांनी ते तेथून उडवून नेण्यात आले. त्यानंतर १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. या वेळी विमान पट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

दोन देशांचे, दोन पिढ्यांचे, वेगवेगळ्या प्रशिक्षणातून आलेले वैमानिक एकाच ठिकाणी एकाच रीतीने चुकतात, तेव्हा त्या ठिकाणाविषयी प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

चारोटीचा पूल

हाच प्रश्न चारोटी येथे विचारावा लागतो. डहाणू तालुक्यातील हे गाव मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर, मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. येथे डहाणू-जव्हार मार्ग महामार्गाला मिळतो आणि जवळच सूर्या नदीवरील पूल आहे. येथे ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे जाणारी मोटार पुलाच्या कठड्यावर आदळून टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघेही मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मोटार-कंपनीच्या अहवालानुसार अपघातापूर्वी ५ सेकंद वाहनाचा वेग ताशी १०० कि.मी. आणि आदळतेवेळी ८९ कि.मी. होता.

या दोन आकड्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ताशी १०० कि.मी. वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी सुमारे ४२ मीटर अंतर संपलेले असते. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेग १०० वरून ८९ वर आला तरी सुमारे ७९ टक्के ऊर्जा शिल्लक राहते. मागे बसलेल्या, पट्टा न लावलेल्या प्रवाशाचे शरीर त्याच वेगाने पुढे फेकले जाते.

या प्रकरणी पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये निष्काळजीपणाच्या आरोपाखाली वाहनचालकाविरुद्ध गुन्हा नोंदविला. त्याचबरोबर, अपघातस्थळाच्या तपासणीत असेही दिसून आले की, पुलाजवळ तीन मार्गिकांचा रस्ता दोन मार्गिकांचा होतो आणि पुलाचा कठडा मार्गाच्या कडेच्या पट्ट्यात पुढे आलेला आहे. ही अरुंद होणारी वाट चालकाला पुरेशी आधी कळेल असे सूचनाफलकही तेथे नव्हते. अपघातानंतर त्या ठिकाणी आघात शोषून घेणारे अडथळे बसविण्यात आले. मागील आसनावरील पट्ट्याविषयीचा नियम आणि २०१९ च्या दुरुस्तीने ठरलेला १००० रुपयांचा दंड आधीच अस्तित्वात होता. त्याची चर्चा मात्र या अपघातानंतर सुरू झाली.

महामार्ग पोलिसांनी त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार, त्या एकाच वर्षाच्या प्रारंभापासून सप्टेंबरपर्यंत चारोटी परिसरात २५ गंभीर अपघात होऊन २६ जणांचा मृत्यू झाला होता. घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० कि.मी. पट्ट्यात मृतांची संख्या किमान ६२ होती. हे अपघात निरनिराळ्या चालकांच्या हातून, निरनिराळ्या वाहनांचे झाले. जागा मात्र त्याच होत्या. कठड्याची चर्चा देशभर झाली ती एका नामवंत उद्योगपतीच्या मृत्यूनंतर. जुहूला दुसरे विमान उतरेपर्यंत वाट पाहावी लागली. चारोटीला त्याहून पुष्कळ अधिक किंमत मोजावी लागली.

अन्वेषण आणि शिक्षा

हवाई वाहतुकीत अपघाताचे अन्वेषण आणि गुन्ह्याचा तपास या दोन वेगळ्या प्रक्रिया मानल्या जातात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३ व्या परिशिष्टानुसार अन्वेषणाचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष वा दायित्व ठरविणे हा नाही. भारतात ३० जुलै २०१२ रोजी विमान अपघात अन्वेषण विभागाची स्थापना झाली. नियमन करणारी यंत्रणा आणि अपघाताची कारणे शोधणारी यंत्रणा वेगळी असावी, हा त्यामागील विचार होता. कारण स्वतःच्या देखरेखीतील दोष स्वतःच शोधणे कोणत्याही यंत्रणेस अवघड जाते.

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो. व्यवस्थेकडे बोट दाखविल्याने व्यक्ती मोकळी सुटते आणि बेफिकिरी वाढते, असे म्हटले जाते. आक्षेप पूर्णतः निराधार नाही. मंगळूर येथे तीन वेळा दिलेला इशारा डावलला गेला, त्यास केवळ व्यवस्थेचा दोष म्हणता येणार नाही. तसेच वेगमर्यादा ओलांडणाऱ्या चालकाचा बचाव अरुंद पुलाने होत नाही. परंतु व्यक्तीचे उत्तरदायित्व ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते झाल्यानंतरही कठडा जागचा हलत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो : याच जागी याच परिस्थितीत दुसरी सावध व्यक्ती असती, तर ती वाचली असती काय?

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, 'चालकाची चूक' हे अन्वेषणाचे उत्तर नसून प्रारंभ आहे. चूक का घडली आणि ती का निभावली गेली नाही, हे त्यानंतरचे प्रश्न होत. दुसरी, ज्यात कोणी दगावले नाही अशा किरकोळ अपघाताची नोंद व अभ्यास मोठ्या अपघाताइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवा. तिसरी, इशारा देणे पुरेसे नाही. तो ऐकणाऱ्यास कळेल अशा भाषेत असला पाहिजे. मुंबईच्या धावपट्टीवर जो शब्द समजला नाही आणि चारोटीच्या पुलाआधी जो फलक दिसला नाही, त्या दोन्ही एकाच जातीच्या उणिवा आहेत.

पालघर जिल्ह्यातील महामार्गालगतच्या गावांना या अभ्यासाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. कोणत्या वळणावर वाहने वारंवार घसरतात, कोठे कठडे घासलेले दिसतात, पावसाचे पाणी कोठे साचते, याची माहिती तेथील शेतकऱ्यास, दुकानदारास आणि रोज रस्ता ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलास असते. आधी उतरलेल्या वैमानिकाच्या इशाऱ्याइतकेच मोल या माहितीला आहे. ग्रामपंचायत, महाविद्यालये आणि महामार्ग यंत्रणा यांनी मिळून तिची नियमित नोंद ठेवली, तर पुढील फट कोणाचा तरी मृत्यू होण्यापूर्वी दिसू शकेल.